डाव बरोबरीत सुटला

नाटकाचं परीक्षण लिहिणं हे लोकांना वाटतं तितकं कठीण काम नाही. मी एके काळी एका साप्ताहिकात हे काम सात वर्षं केलेलं आहे, तेव्हा अधिकारानं सांगतो. त्याचा साचा ठरलेला असतो. संहिता चांगली, पण दुसऱ्या अंकात रेंगाळते. दिग्दर्शन नेटकं. नेपथ्य प्रसंगाला साजेसं. पार्श्वसंगीत जरा हळू असतं तर संवादही ऐकू आले असते. आणि सरतेशेवटी, 'एकूण प्रयोग रंगला. मात्र शेवट अधिक परिणामकारक करता आला असता.' हे शेवटचं वाक्य कुठल्याही नाटकाला चालतं. मी ते एकदा एका लग्नाच्या जेवणावळीतून उठताना मुलीच्या वडिलांना ऐकवून पाहिलं. ते खाली मान घालून म्हणाले, "हो ना, मठ्ठा संपला."

पुढे ते साप्ताहिक बंद पडलं. माझ्या परीक्षणांमुळे नव्हे, असं संपादक अखेरपर्यंत सांगत होते. पण अंगात मुरलेली सवय साप्ताहिकाबरोबर बंद पडत नाही. काही दिवस मी घरच्या आमटीचं परीक्षण करत असे. परंतु आमच्या हिनं एकदा कलावंताची बाजू इतक्या सविस्तरपणे मांडली, की तो प्रांत मला कायमचा सोडावा लागला. तेव्हापासून मी जे समोर येईल त्याचं मनातल्या मनात परीक्षण करतो. आज एका बुद्धिबळाच्या डावाचं करणार आहे. तुम्ही विचाराल, तुम्हाला बुद्धिबळ येतं का? वाचकहो, मला नाटक तरी कुठे येत होतं?

डाव आहे २६ जुलै २०२५ चा, वार शनिवार. महिलांच्या विश्वचषक स्पर्धेची अंतिम फेरी, त्यातला पहिला डाव. पांढऱ्या सोंगट्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, काळ्या आंध्रच्या कोनेरू हंपीकडे. निकाल, बरोबरी.

निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त बँक अधिकारी जिन्यात भेटले. म्हणाले, "काय हो, त्या नागपूरच्या मुलीचं काय झालं?"

"बरोबरी झाली."

"म्हणजे काहीच झालं नाही!" असं म्हणून ते दूध आणायला निघून गेले.

हे गृहस्थ पस्तीस वर्षं बँकेत होते. जमा आणि खर्च दोन्ही बाजू बरोबर जुळल्याशिवाय त्यांना रात्री घरी जायची सोय नसे. ज्या दिवशी ताळा बरोबर येई, त्या दिवशी ते आनंदानं भजी खात. तोच माणूस दोन बाजू पटावर बरोबर आल्या तर म्हणतो, काहीच झालं नाही! मला परीक्षण लिहायचं आहे ते या 'काहीच झालं नाही'चं.

तेव्हा साच्याप्रमाणे नेपथ्यापासून सुरुवात करतो.

नेपथ्य, जॉर्जिया देशातलं बाटुमी हे गाव. गाव काळ्या समुद्राच्या काठी आहे. महिलांच्या बुद्धिबळाला याहून साजेसं नेपथ्य शोधून सापडलं नसतं. या एवढ्याशा देशातल्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ साली जगज्जेत्या झाल्या, त्या १९७८ पर्यंत हलल्याच नाहीत. हलल्या तेव्हा त्यांना हलवलं तेही जॉर्जियाच्याच सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झे या मुलीनं, आणि मग ही माया १९९१ पर्यंत बसली. म्हणजे ओळीनं एकोणतीस वर्षं जगज्जेतेपद एकाच देशात. जॉर्जियात पूर्वी मुलीला सासरी पाठवताना आहेरात बुद्धिबळाचा पट देत, असं सांगतात. आपल्याकडे पाटा-वरवंटा देत. दोन्ही दगडाची शस्त्रं नव्हेत, पण हेतू बहुधा एकच असावा, की मुलगी सासरी अगदीच निःशस्त्र जाऊ नये.

आता पात्रं. बोलकं पात्र एकही नाही. दोघीजणी तासन्‌तास समोरासमोर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. आमच्या बँक अधिकाऱ्यांना यावर काही विनोद सुचत होता, पण त्यांच्या सौभाग्यवती शेजारी उभ्या असल्यामुळे तो त्यांनी गिळला.

दोघींपैकी थोरली हंपी, वय अडतीस. वडिलांनी मुलीचं नावच मुळी 'चँपियन' या शब्दातून काढलं. आपल्याकडे लोक मुलीचं नाव शांता ठेवतात आणि मग पस्तावतात. या वडिलांवर ती पाळी आली नाही. २००२ साली, वयाची पंधरा वर्षं जेमतेम पुरी होतात तोच, ती ग्रँडमास्टर झाली. तोवर इतक्या लहान वयात जगातली कुठलीही मुलगी झाली नव्हती. पुढे लग्न, बाळंतपण, दोनेक वर्षं खेळाला रजा. रजेवरून परतल्यावर २०१९ साली जलद बुद्धिबळाची जगज्जेती, आणि २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा एकदा. आमच्याकडे माणूस चार दिवस माथेरानला जाऊन आला तरी कचेरीतली जुनी फाईल त्याला आठवत नाही.

धाकटी दिव्या, वय एकोणीस. आईवडील दोघेही डॉक्टर. २०२४ साली मुलींची कनिष्ठ गटातली जगज्जेती, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक. पण ग्रँडमास्टर? अजून नाही. हिशेब मांडून पाहा. समोरची बाई ग्रँडमास्टर झाली त्या दिवशी या मुलीचा जन्म व्हायला तीन वर्षांहून अधिक अवकाश होता. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर, एकीनं संगमनेरपासून सिंगापूरपर्यंत प्रयोग केलेले आणि दुसरी अजून नांदीच्या रांगेत उभी. बाकी ही रांगेतली मुलगी वाटेत काय करून आली होती, तेही पाहायला हवं. एकेकीला बाद करत पुढे जायची ही स्पर्धा, खेळाडू शंभरावर. उपांत्य फेरीत तिनं चीनच्या तान झोंगयी या माजी जगज्जेतीला १०१ चालींच्या डावात नमवलं होतं. एकशे एक! आमच्याकडे आहेरसुद्धा त्याहून कमी आकड्यात उरकतात.

बोलक्या पात्रांनंतर मुकी पात्रं, संख्या बत्तीस. इथे मला एक गंमत लक्षात आली, ती नोंदवून ठेवतो. आपल्या मराठी पटावर राजा पुल्लिंगी. वजीर पुल्लिंगी. हत्ती, उंट, घोडा, सगळे पुल्लिंगी. प्यादं नपुंसकलिंगी. बाई एकही नाही. युरोपातल्या लोकांनी निदान वजिराची राणी केली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटभर धावायची मुभाही दिली. त्याआधी बिचारी एक घर तिरपं चालत असे. आपण मात्र दोन वाड्यांतले दोन दरबार भरवले ते बायकांशिवाय. आणि हे बत्तीसच्या बत्तीस पुरुष त्या शनिवारी दोन बायका बोटांनी उचलून हव्या तिथे ठेवत होत्या. ही गोष्ट मी आमच्या हिला सांगितली. ती म्हणाली, "यात नवीन काय आहे?"

आता संहितेकडे वळू. दिव्यानं पहिल्या चालीला वजिरापुढचं प्यादं पुढे सरकवलं, आणि मग वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं शत्रूच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. म्हणजे, घ्या. या सुरुवातीला जगभर 'क्वीन्स गॅम्बिट' म्हणतात. आपल्या पंगतीतल्या आग्रहाचाच हा प्रकार. जिलबी वाढणारा 'घ्या हो, एक घ्या' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात तुमच्या पोटाचं भलं असतंच असं नाही. या आग्रहाला दोन उत्तरं असतात. 'नको, पुरे' हे एक. हंपीनं दुसरं दिलं. प्यादं घेतलं. असा आग्रह स्वीकारणाऱ्याला पुढे ती जिलबी पचवावी लागते.

जाता जाता या 'क्वीन्स गॅम्बिट'च्या नावाची एक गोष्ट. याच नावाची एक मालिका २०२० साली घरोघर पाहिली गेली. त्यात एका प्रसंगात असं वाक्य आलं, की नोना गाप्रिंदाश्विली कधी पुरुषांशी खेळल्याच नाहीत. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात. जन्मभर पुरुषांना धूळ चारत आलेल्या. त्यांनी २०२१ साली नेटफ्लिक्सवर दावाच ठोकला आणि पुढल्या वर्षी समेट होऊन तो मिटला. म्हणजे तोही सामना एका अर्थी बरोबरीतच सुटला म्हणा. पण आजींनी चाल केली हे महत्त्वाचं.

असो. पंगतीतला आग्रह जरा वेळानं रंगात आला. डावाला थोडासाच वेळ झाला असेल नसेल, तो दिव्याची बाजू चांगली वर चढली. हे मला कळलं असं म्हणत नाही. हे मला पट्टीनं सांगितलं.

हल्ली बुद्धिबळाचा डाव मोबाईलवर दाखवतात, तेव्हा पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. आत संगणक बसलेला असतो. पांढऱ्याचं बरं चाललं की पट्टीतला पांढरा भाग वर चढतो, काळ्याचं बरं चाललं की तो खाली येतो. तापमापकासारखाच प्रकार. या पट्टीनं फार मोठी सामाजिक क्रांती केलेली आहे. पूर्वी डाव कळायला बुद्धिबळ यावं लागे. आता घोडा अडीच घरं का चालतो हेही ज्याला ठाऊक नाही, तो माणूस चहाच्या कपावरून मान वर करून म्हणतो, "अरेरे, घालवलं पोरीनं!"

कारण दिव्याचा तो पांढरा पारा पुढे उतरला. नेमकी जी चाल करायला हवी होती ती तिनं केली नाही, हंपी सावरली, मग पाय रोवून उभी राहिली, आणि ४१ चालींनंतर अर्धा गुण हिला, अर्धा गुण तिला. एका कपातला चहा दोन बशांत ओतला. माझ्या भाच्यानं लगेच फर्मावलं, "मामा, जिंकलेला डाव सोडला तिनं."

आता इथे परीक्षक म्हणून मला थोडं बोलायचं आहे. दुसऱ्या अंकात लेखिकेची पकड सुटली, हे खरं. ते मी लिहीनच. त्याचे मला पूर्वी पैसे मिळत. पण पट्टीचं परीक्षण आणि माणसाचं परीक्षण यांत फरक आहे. पट्टीला समोर कोण बसलंय हे दिसत नाही. आपल्या जन्माआधी ग्रँडमास्टर झालेल्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून पट्टीला बसावं लागत नाही. पट्टीला घड्याळ नाही, पट्टीला घसा कोरडा पडत नाही, आपली आई बाहेर कुठल्या खुर्चीवर बसली असेल हा विचार पट्टीच्या मनात येत नाही. पट्टी फक्त एवढंच म्हणते की इथे एक रस्ता होता. असेल हो! प्रत्येकाच्या आयुष्यात अशी एक पट्टी लावून पाहा. माझ्या लावली तर पारा साधारण १९७३ पासून खाली आहे. त्या पट्टीकडे बघून कुणी जगत नाही.

आणि पट्टी दुसऱ्या बाईविषयी तर काहीच बोलत नाही. हरत आलेला डाव धरून ठेवणं हे काम टाळ्या मिळवणारं नव्हे. रंगभूमीवर जसा एखादा जुना नट समोरच्यानं वाक्य विसरलं की प्रसंग ओढून नेतो आणि प्रेक्षकाला पत्ताच लागू देत नाही, तसं ते असतं. हंपीनं त्या दिवशी तो प्रसंग ओढून नेला. तिचं वाक्य परीक्षणात कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशीचा डाव ३४ चालींत बरोबरीत आटोपला. तो मात्र मला तितकासा भावला नाही. बरोबरीची बाजू घेतो म्हणून प्रत्येक बरोबरीला मी हार घालणार नाही. मोठमोठे नावाजलेले पुरुष खेळाडू बारा-पंधरा चाली खेळून, हातात हात मिळवून, भूक लागल्यासारखे उठून जातात, तेही आपण पाहिलेलं आहे. तो डाव नव्हे, तो वाङ्‌निश्चय. पण त्यासाठी बरोबरी या शब्दाला बोल लावायचं कारण नाही.

शब्दावरून आठवलं. आपली भाषा फार मजेची आहे. विजय आपण 'मिळवतो'. हार 'पत्करतो'. आणि सामना बरोबरीत 'सुटतो'. शाळा सुटते, गाठ सुटते, कैदी सुटतो, तसा सामनाही सुटतो. जणू खेळणाऱ्यांचा त्यात काही संबंधच नाही. आणि मूळ शब्द तरी पाहा. उत्तर 'बरोबर' म्हणजे अचूक. 'माझ्याबरोबर चल' म्हणजे सोबत. आणि 'बरोबरी' म्हणजे कुणी वरचढ नाही, कुणी खाली नाही. एवढे तीन चांगले अर्थ एका शब्दाच्या पदरात बांधलेले आहेत. पण मुलींच्या बाबतीत मात्र तो शब्द आपण कायम एकाच वाक्यात वापरत आलो: "पुरुषांची बरोबरी करायला निघालीस काय?"

ही बरोबरी करायला निघालेल्या बायांची गोष्ट जुनी आहे. महिलांची पहिली जगज्जेती व्हेरा मेंचिक. १९२९ साली ती कार्ल्सबादला पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत खेळायला बसली, तेव्हा व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकर नावाच्या गृहस्थांना विनोद सुचला. म्हणाले, हिच्याकडून जो हरेल त्याला आपण 'व्हेरा मेंचिक क्लब'चं सभासद करून घेऊ. विनोद झकास होता. सगळे हसले. मग बेकरसाहेब स्वतःच तिच्याकडून हरले आणि क्लबाचे पहिले सभासद झाले. जिन्यातला विनोद वेळीच गिळणारे आमचे बँक अधिकारी मला या बेकरपेक्षा शहाणे वाटतात, ते याच कारणानं. पुढे या क्लबात बडीबडी मंडळी भरती झाली. त्यांत हॉलंडचे मॅक्स यूवे होते, आणि हे यूवे नंतर १९३५ साली पुरुषांचे जगज्जेते झाले.

हे यूवे लक्षात ठेवा, ते आपल्या कथानकात परत येणार आहेत. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या तेरा वर्षांच्या मुलीनं भारताच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकलं. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हापासून वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी ते अजिंक्यपद घरातल्या घरात फिरतं ठेवलं होतं. वाटीभर साखर शेजारी मागावी तसा तो करंडक या बहिणीकडून त्या बहिणीकडे जात असे. पण मुलगी पुरुषांत बसली म्हटल्यावर गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की बायकांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळायला मज्जाव करता येणार नाही. हे अध्यक्ष कोण? मॅक्स यूवे! तरुणपणी बाईकडून हरण्याचे दूरगामी फायदे असतात, ते असे.

मला मात्र या सगळ्यांच्या आधी आठवते ती माझी आत्या.

आमच्या वाईच्या घरी ओसरीवर बुद्धिबळ चाले. साल असेल १९५५ च्या आसपास. आजोबा आणि शेजारचे एक वकील रोज दुपारी बसत. खेळ देशी पद्धतीचा. एकाची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की 'बुर्जी' म्हणायचं, आणि प्याद्यानं मात केली की ती सर्वांत मानाची. आम्हा मुलांना गप्प बसून पाहायची परवानगी होती. बायकांना ताक आणून द्यायची. माझी आत्या उन्हाळ्यात माहेरपणाला येई, ती ताक घेऊन ओसरीवर येई आणि भांडं ठेवायला तिला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागे.

एक दिवस वकील आले नाहीत. आजोबा पट मांडून अस्वस्थ बसलेले. आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "मी बसू का, नाना?" आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. म्हणाले, "बस. वेळ जायचा प्रश्न आहे."

तासाभरानं आजोबांचा राजा कोपऱ्यात होता. आत्याचा वजीर शह देई, राजा शेजारच्या घरात जाई. वजीर तिकडून शह देई, राजा परत येई. असं पाच-सहा वेळा झालं. आजोबांच्या कपाळावर घाम. शेवटी ते म्हणाले, "हे असं दिवेलागणीपर्यंत चालायचं. बरोबरी!" आणि मोठ्या खुशीत आजीला हाक मारून म्हणाले, "अगं, हिला थोडं थोडं येतं बरं का!" त्यानंतर आत्या माहेरी आली, की एखाददुसऱ्या दुपारी आजोबाच तिला हाक मारत, "ये गं, वेळ जात नाही."

फार वर्षांनी, मला चार चाली कळायला लागल्यावर, तो डाव मी आठवून आठवून मांडला आणि आत्याला म्हटलं, "आत्या, तेव्हा हत्ती आणला असतास तर दोन चालींत मात होती."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसत होती रे."

"मग?"

"जिंकले असते तर परत बसवलं नसतं. हरले असते तर परत बसवायचं कारण नव्हतं." आणि सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

आता लावा पट्टी! पट्टी म्हणेल, काय घोर चूक ही! मोबाईलमधल्या संगणकाला त्या ओसरीवरची हवा कुठून कळणार? आत्याची ती बरोबरी हा मी पाहिलेला सर्वांत सुंदर डाव होता. आणि सर्वांत वाईटही. कारण जिंकता येत असताना जिंकायची सोय नव्हती म्हणून झालेली ती बरोबरी होती.

म्हणूनच बाटुमीचा डाव पाहताना मला राहून राहून बरं वाटत होतं, ते बँक अधिकाऱ्यांना जिन्यात सांगता आलं नाही. त्या दोघींनी मुद्दाम काही सोडलं नाही. थोरलीनं धाकटीला पदराखाली घेतलं नाही, धाकटीनं थोरलीचा मान राखायला हत्ती मागे ठेवला नाही. दोघीही जिंकायला बसल्या होत्या आणि दोघींनाही जमलं नाही. जिंकायला बसून जिंकता न येण्याची ही चैन आहे, वाचकहो! ती पुरुषांना शेकडो वर्षं फुकट मिळत आली, म्हणून तिची किंमत कळत नाही. आणि बरोबरी करायची ती आता कुणा पुरुषाची राहिली नव्हती. खोलीत दोघीच होत्या. बरोबरी एकमेकींची.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढचं सगळ्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. सोमवारी, २८ जुलैला, जलद डाव झाले. त्यातला पहिलाही बरोबरीत सुटला. म्हणजे ओळीनं तिसरा. आमचे बँक अधिकारी म्हणाले, "आता या दोघी उठतच नाहीत!" दुसऱ्या जलद डावात दिव्यानं काळ्या सोंगट्या घेऊन, ७५ चालींनंतर, हंपीला हरवलं. विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि आदल्या दिवसापर्यंत नांदीच्या रांगेत उभी असलेली ती मुलगी त्याच क्षणी ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. मग तिनं आईच्या गळ्यात पडून जे रडून घेतलं, ते पाहून आमच्या हिनं डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, "चष्मा पुसा तुमचा, धुरकटलाय." चष्मा धुरकटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बातमीत होती ती शेवटच्या डावाची. आधीच्या तीन बरोबऱ्या एका ओळीत उरकलेल्या. मी परीक्षक आहे, तसा थोडासा हिशेबनीसही आहे. निकाल अडीच विरुद्ध दीड. दिव्याच्या अडीच गुणांतला एक गुण विजयाचा, दीड गुण बरोबरीचे. जिंकणारीच्या झोळीत विजयापेक्षा बरोबरीच जास्त पडली होती. आणि हंपीचे सगळेच्या सगळे दीड गुण बरोबरीचे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एका एकोणीस वर्षांच्या वादळासमोर तीन डाव पाय न हलवता उभं राहण्याचे. अर्धा, अर्धा आणि अर्धा.

हा हिशेब मी कागदावर मांडून बँक अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी तो खिशातलं पेन काढून तपासला. पस्तीस वर्षांची सवय. मग खाली सही केल्यासारखी एक रेघ ओढून म्हणाले, "बरोबर आहे."

मी म्हटलं, "मग मी काय सांगतोय?"

तेव्हा साच्याप्रमाणे समारोप. नेपथ्य प्रसंगाला अगदी साजेसं. संहिता चांगली, दुसऱ्या अंकात पकड सुटते. दोघींची कामं उत्तम. थोरलीचं सावरून घेणं अभ्यासकांनी पाहण्यासारखं. संवाद नाहीत, आणि ते नाहीत म्हणून पार्श्वसंगीताचा त्रास नाही. एकूण प्रयोग रंगला. शेवट याहून परिणामकारक करता आला असता, हे वाक्य मात्र या वेळी मी लिहिणार नाही.